रुसायची खुर्ची

कोणत्याही खोलीत शिरली की ती आधी पंगत मोजायची. वर्ग असो, बँक असो, प्राचार्यांची केबिन असो, दारात थांबून डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची, "साठ ताटं बसतील. पण वाढप्याला फिरायला जागा न्हाई." कॉलेजच्या नव्या सभागृहाचं सगळे कौतुक करत होते तेव्हा तिने मागच्या बाजूला एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाली, "खरकटं न्यायला वाटच ठेवली न्हाई. कुणी बांधलं हे?" प्राचार्य शेजारीच उभे होते. ते हसले. मी असं काही बोलले असते तर ते हसले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिच्या वडिलांचा उदगीरला मंडपाचा धंदा होता. ती मंडपातच वाढली. गाद्यांच्या ढिगावर झोपली, जनरेटरच्या आवाजात अभ्यास केला. नांदेडला आमच्या कॉलेजात मॅनेजमेंटला आली तरी लग्नसराईत चार-चार दिवस गायब व्हायची. हजेरी घेताना तिच्या नावाला उत्तर आलं नाही की आमचे सर म्हणायचे, "आज लग्नाची मोठी तिथ दिसतेय." कुर्त्यावर वडिलांचा जुना शर्ट घालायची, बाह्या दुमडून, आणि त्याच्या खिशात कायम सुतळीचं बंडल. सुतळी कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "लागते." आणि लागायचीच. प्रोजेक्टरची वायर, दाराची कडी, कोणाच्या तरी चपलेचा तुटलेला पट्टा. माझ्या पर्समध्ये सॅनिटायझर, पेनड्राइव्ह, सेफ्टी पिना असं सगळं असायचं. माझ्याकडे कधी कोणी काही मागितलं नाही.

मला ती आवडत नव्हती, असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते खरं नाही. मला तिच्यासारखं व्हायचं होतं, आणि ते जमत नाही म्हटल्यावर ती जवळपास नसावी असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षाला सरांनी आम्हा दोघींना एका शाळेत पाठवलं. लातूरच्या एका कॉलेजने शाळकरी मुलांसाठी बिझनेस केसची स्पर्धा ठेवली होती. अडचणीत आलेल्या एका धंद्याची गोष्ट छापून द्यायची, आणि मुलांच्या गटाने परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं की आता काय करावं. मुलांना तयार करायचं काम आम्हा कॉलेजवाल्यांचं. त्या शाळेत नववीचे दोन गट होते. एक तिचा, एक माझा. लातूरला जाणार होता एकच.

पहिल्याच दिवशी ती मुलांना म्हणाली, "मला मॅडम म्हणाल तर मी मागं बघीन, कोण आलं म्हणून. अक्का म्हणा. आमच्या उदगीरला मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतेत." मग मुलांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, घरी मराठी असली तरी चारचौघांत मराठी बोलताना मला प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघावं लागतं. ते म्हणून होईपर्यंत एका मुलाने ठरवून टाकलं, "आणि तुम्ही मॅम." तेव्हापासून ती अक्का आणि 'तू', मी मॅम आणि 'तुम्ही'. आदर मलाच जास्त मिळाला, असं आई म्हणाली.

केस लातूरचीच होती. क्लासच्या गल्लीत एक जुनी मेस. बाहेरगावची मुलं तिथे जेवतात. शेजारच्या दोन मोठ्या हॉस्टेलांनी स्वतःचं जेवण सुरू केलं आणि मेस रिकामी पडायला लागली. मेसवाल्यांची एक जुनी पद्धत होती, अर्ध्या ताटाची. ज्या मुलांचा डबा गावाकडून एसटीने येतो, त्यांना पोळ्या-भाकऱ्या नको असतात. त्यांना फक्त गरम भाजी आणि वरण वाढायचं. आता मेसवाल्यांनी काय करावं?

मी माझ्या गटाला पद्धतशीर शिकवलं. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. चार रंगांचे चार चौकोन. मुलं शहाणी होती, लिहून घ्यायची. त्यांच्यात सुमेधा होती. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई अंगणवाडीत. सुमेधा बोलायचीच नाही. प्रश्न विचारला की आधी पेनाचं टोपण लावायची, मग काढायची, मग कोणीतरी दुसरं उत्तर देऊन टाकायचं. पण तिने लिहिलेलं मी वाचत होते आणि त्या वर्गात तिच्याइतका सरळ विचार कोणाचा नव्हता. मी ठरवलं, समारोप सुमेधा करणार. लातूरच्या स्टेजवर, माइकवर, शेवटची पाच वाक्यं. ती वाक्यं मी स्वतः लिहिली, तिला सोपी जातील असे शब्द निवडून. शाळेत असताना मला असं कोणी पुढे केलं नव्हतं. ती पाच वाक्यं सुमेधाच्या तोंडून ऐकायची, एवढंच मला त्या स्पर्धेतून हवं होतं. पहिला नंबर आला नसता तरी चाललं असतं.

पलीकडे तिच्या गटाचा नुसता गोंधळ. लॅपटॉप बंद. मध्ये एक लोखंडी खुर्ची.

"कोणताबी प्लॅन म्हणजे लग्न हाय," ती मुलांना सांगत होती. "मंडप घालशील, जेवण देशील, पण कुणीतरी रुसणार म्हणजे रुसणार. मानाचं बोलावणं न्हाई आलं, टॉवेल-टोपी हलकी निघाली, काय बी. आमचे बाबा मंडपवाले, पण लोक त्यांना रुसलेले पाव्हणे मनवायला बोलवतेत. म्हणून आधी रुसणारा धुंडा. मंग प्लॅन सांगा."

रोज एक जण त्या खुर्चीवर बसायचा. मेसमध्ये केलेल्या बदलाने ज्याचं नुकसान होईल, तो माणूस व्हायचा आणि रुसायचा. बाकीच्यांनी मनवायचं. पटल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. फैजान नावाचा एक मुलगा होता, सगळ्यात बोलका. तो भाजीवाला होऊन रुसला आणि दोन मिनिटांत हसत उठला.

"उठलास का?"

"भूक लागली अक्का."

"म्हणजे तू रुसलाच नव्हतास. रुसलेल्याला भूक लागली तरी तो जेवत न्हाई. त्याचं तेवढंच असतंय हातात."

असं काही ती सहज बोलून जायची आणि मी माझ्या चार चौकोनांसमोर बसून ऐकायचे. तिचं म्हणणं होतं की रुसलेला माणूस लांब जात नाही. घरी निघालो म्हणतो आणि टेम्पोपाशी जाऊन बसतो, मंडपातून दिसेल असा. काय झालं विचारलं तर म्हणतो, काही नाही. "काही न्हाई म्हणला की समजायचं, लई मोठं हाय. मंग इचारायचं न्हाई. त्याच्या बाजूला नुसतं बसायचं."

मी घरी आरशासमोर उभी राहून तिच्यासारखं म्हणून पाहिलं, "काय रे, उठलास का?" आई बाहेरून म्हणाली, "कोणाशी बोलतेस गं?" पुढच्या तासाला मीही एक खुर्ची मध्ये ठेवली. माझ्या गटातला ओंकार बसला आणि म्हणाला, "मॅम, कशाबद्दल रुसायचं ते लिहून देता का?" मग जरा विचार करून, "याला मार्क आहेत?" मी खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

एकदा तिच्या गटातलं कोणीतरी आलं नाही. ती माझ्या टेबलाशी आली. "एक पोरगी उसनी दे आजच्या दिवस." सुमेधा कडेला बसली होती, अक्काने तिलाच उठवलं. "तू रुसशील का गं?" सुमेधाने टोपण लावलं, काढलं, आणि जाऊन खुर्चीवर बसली. बसली ती भिंतीकडे तोंड करून.

त्या दिवशीची योजना अशी होती की अर्धं ताट बंद करायचं, कारण त्यात मेसला काही सुटत नाही. फैजान मनवायला गेला. जोक सांगितले. सवलत देऊ म्हणाला. तिने मान वळवली नाही. बाकीचे गेले, हात जोडले, मोबाइल रिचार्ज करून देतो म्हणाले. वर्ग हसत होता आणि ती भिंतीकडे पाहत बसली होती. शेवटी अक्का तिच्या बाजूला फरशीवर मांडी घालून बसली. बऱ्याच वेळाने सुमेधाच बोलली.

"माझा दादा लातूरला हाय क्लासला. मम्मी दशम्या अन् चटणी देती ड्रायव्हरकाकाजवळ. तो सकाळ-संध्याकाळ त्याच खाऊन राहिला. गरम काय नसतंय. त्याला कुणी अर्धं ताट दिलं तर त्यानं तुमचं काय खाल्लं?"

कोणी हसलं नाही. फैजान म्हणाला, "मंग चालू ठेवू की. बंद कशाला करायचं?" आणि सुमेधा उठली.

सुमेधाला एक दादा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ती कितीतरी दिवस माझ्या समोर बसून चौकोन भरत होती, आणि ती बोलली ती तिथे, भिंतीकडे तोंड करून, दुसरीच्या खुर्चीवर. अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "खरी रुसणारी हाय ही. हिला बोलायला लावायचं नसतंय. हिला मनवायचं." मला कोणीतरी आमच्याच घरात येऊन आमचं फर्निचर नीट लावून दिल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी सुमेधा माझ्याकडे आली. "मॅम, मी त्या गटात जाऊ का?"

"तुला हवं तसं," मी म्हणाले. मी छान हसलेसुद्धा.

मुख्याध्यापकांनी दोन्ही गट ऐकले. माझा गट एकदाही अडखळला नाही. तिच्या गटाने निम्मा वेळ एका मुलीची समजूत काढण्यात घालवला. मुख्याध्यापकांनी तिचा गट निवडला. "तुमचं पण खूप नीटनेटकं झालं," ते मला म्हणाले. नीटनेटकं हा शब्द तेव्हापासून मी वापरत नाही.

पण तिच्या गटाला स्लाइड करता येत नव्हत्या. अक्काने मला निरोप पाठवला नाही, स्वतः आली. "तू चल लातूरला. स्लाइडचं मला काय कळत न्हाई. आणि सुमेधाचं शेवटचं बोलणं तू लिहिलेलंच ठेवू. ते भारी हाय." इतक्या मोकळेपणाने म्हणाली की नाही म्हणण्याची सोय राहिली नाही. दुसऱ्याची चांगली गोष्ट चांगली म्हणताना तिला कुठे काही टोचायचंच नाही. याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा.

मग त्यांनी ते असं बसवलं. सुमेधा स्टेजवर खुर्चीत, परीक्षकांकडे पाठ करून. फैजान आणि बाकीचे मेसची योजना सांगणार. एकेक गोष्ट पटली की ती खुर्ची थोडी वळवणार. शेवटी अर्धं ताट राहणार असं फैजानने सांगितलं की ती पूर्ण समोर होणार, उठणार आणि समारोपाची पाच वाक्यं बोलणार. सरावात ती प्रत्येक वेळी उठली. प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा मोठा झाला. मी मागे बसून तिच्याबरोबर ओठ हलवत असे.

लातूरच्या त्या सभागृहात शिरताच अक्का दारात थांबली. "चारशे आरामात. मागून वाट पण हाय." ती खूश झाली. मी पहिल्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसले. ती मागच्या भिंतीशी उभी राहिली, सुतळी बोटाला गुंडाळत.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. खुर्ची वळत गेली. लोकांना मजा येत होती. सुमेधाची एक बाजू दिसायला लागली, मग जवळजवळ पूर्ण चेहरा. फैजान शेवटच्या मुद्द्याला आला आणि कोट घातलेल्या एका परीक्षकांनी मध्येच हात वर केला.

"बेटा, या अर्ध्या ताटात मेसला काहीच सुटत नाही. मग बंद का करत नाही?"

सरावात हा प्रश्न कोणी इतक्या मोठ्या आवाजात विचारला नव्हता. फैजानने एकदा मागच्या भिंतीकडे पाहिलं, एकदा कोटाकडे.

"हाव सर," तो म्हणाला. "बंद करू."

परीक्षकांनी मान हलवली, उत्तर पटल्यासारखी. मी शेवटची स्लाइड लावली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'समारोप' आलं. फैजानने माइक सुमेधापुढे धरला.

सुमेधाने त्याच्याकडे पाहिलं. मग पायाने रेटून खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली.

आधी सगळ्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. लोक हसले, थांबले. फैजान कुजबुजला, "सुमे, उठ ना." परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या, "बाळा, बरं वाटत नाही का?" मी जागेवरून पहिलं वाक्य पुटपुटले, जणू ती फक्त विसरली होती. घंटा वाजली. माझी पाच वाक्यं पडद्यामागच्या धुळीत कुठेतरी राहिली.

आमचा नंबर आला नाही. सभागृह रिकामं झालं तरी सुमेधा खुर्चीवरच होती. फैजान रडवेला झाला होता. "सॉरी बोललो ना. सर लोक होते समोर, मी काय करू?" मला वाटलं, आता तरी अक्का चिडेल. निदान विचारेल, एवढी मेहनत वाया का घालवलीस. ती स्टेजवर चढली आणि सुमेधाच्या शेजारी फरशीवर बसली.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "पटलं न्हाई तर उठायचं कशाला? फैजान, तिचं ताट दे परत."

"घे," फैजान नाक पुसत म्हणाला. "अर्धं ताट चालू. ते कोटवाले न्हाई म्हणले तरी चालू."

सुमेधा उठली. मग सगळी मुलं एकदमच हसायला लागली, हरलेली मुलं हसतात तशी नाही, एखादं लग्न नीट पार पडल्यासारखी. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. एक मुलगी भर सभागृहात, माइक समोर असताना, हरायला तयार झाली, कारण अक्काने नियम घालून दिला होता. माझ्या शब्दाखातर कोणी कधी साधी जागाही बदलली नव्हती. लोक दुसऱ्याच्या बक्षिसावर जळतात. मी अक्काच्या हरण्यावर जळत होते.

परतीची गाडी शाळेने ठरवलेली क्रूझर होती. अहमदपूरच्या पुढे एका हॉटेलवर चहाला थांबलो. मुलं अक्काभोवती बाकांवर बसली, भज्यांची ताटली मध्ये ठेवून. ती फैजानची नक्कल करत होती, "हाव सर, बंद करू," आणि सगळ्यात मोठ्याने फैजानच हसत होता. मी म्हणाले, मला चहा नको, आणि थोडं पुढे जाऊन लिंबाखालच्या एका बाजेवर बसले. फोन काढला. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळाने सुमेधा आली. हातात चहाचा एक ग्लास, माझ्यासाठी. मी तिच्याकडे न पाहता विचारलं, "अक्काने पाठवलं?"

"न्हाई. अक्का तर म्हणली, जाऊ नको. मॅमला एकटंच आवडतंय, त्यांना त्रास देऊ नका."

मी मान वर केली. मंडपात वाढलेली, बापाबरोबर कोणाकोणाच्या काका-मावश्यांना मनवत फिरलेली ती. एवढे महिने मी तिच्या समोर रुसून बसले होते आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिला वाटत होतं, मी अशीच असते.

"मग तू का आलीस?"

सुमेधाने खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, लावलं.

"तुम्ही दिसाल अशा बसल्या होत्या," ती म्हणाली.

बाजेवरून हॉटेलचे सगळे बाक समोर दिसत होते. लिंबाच्या पलीकडच्या बाजूलाही एक बाज होती, तिथे सावली जास्त होती. तिथे मी गेले नव्हते.

"काय झालं मॅम?"

पाच वाक्यं मला अजून पाठ होती. मराठीत, सोप्या शब्दांत. त्यांच्याऐवजी दुसरंच एक वाक्य मी मनात म्हणून पाहिलं, एकदा, दोनदा. ते काही बाहेर आलं नाही.

"काही नाही," मी म्हणाले.

सुमेधाने मान हलवली, समजल्यासारखी. चहा माझ्या हातात दिला आणि पुढे काही न विचारता माझ्या शेजारी बाजेवर बसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मुलं उठून गाडीकडे निघाली. सुमेधा उठली नाही. पलीकडे अक्का बाकाशी उभी राहून, खिशातल्या सुतळीवर हात ठेवून, आमच्याकडे पाहत होती. डोळे बारीक करून, खोलीत शिरताना पाहायची तशी. पण या वेळी तिला मोजता येत नसावं. मी चहा अगदी सावकाश प्यायले.